पहिलीचा वर्ग उरलासुरला समजू नका : सोलापूरच्या मुख्याध्यापकांना खुलं पत्र

सोलापूर शहरातल्या आणि जिल्ह्यातल्या प्राथमिक शाळांच्या मुख्याध्यापक सरांना आणि बाईंना,

सप्रेम नमस्कार.

आज 1 जून. कागदोपत्री माझ्या वडिलांचा वाढदिवस. कागदोपत्री म्हणते, कारण अण्णांचा खरा जन्मदिवस घरात कुणालाच ठाऊक नाही. आजीला एवढंच आठवायचं की गड्ड्याची जत्रा नुकतीच उठली होती आणि थंडी होती. म्हणजे जानेवारीची अखेर, फार तर फेब्रुवारी. पण शाळेत नाव घालताना गुरुजींनी 1 जून 1965 लिहून टाकलं आणि आजोबांनी अंगठा उठवला. त्यांच्या पिढीतल्या हजारो माणसांचा वाढदिवस आजच असतो. तुमच्या शाळेतलं जुनं जनरल रजिस्टर काढून बघा, पानंच्या पानं ओळीनं 1 जून, 1 जून, 1 जून अशीच सापडतील.

पुढे अण्णा स्वतः शिक्षक झाले, पहिलीचे दाखले त्यांच्या हातानं भरले जाऊ लागले. तेव्हा जन्मदाखला नसलेलं पोर आलं की ते त्याच्या आईला बाकावर बसवायचे, पाणी द्यायचे आणि विचारत राहायचे. "पाऊस होता का त्या दिवशी? नागपंचमी झाली होती का? गड्ड्याच्या आधी का नंतर? गल्लीत त्याच महिन्यात आणखी कुणाला झालं होतं का?" मग त्या दुसऱ्या बाईकडे चौकशी. एका पोराची तारीख काढायला कधी अर्धा तास लागायचा, कधी दोन दिवस. मागं रांग लागलेली असायची. कुणी वैतागून म्हणालं, "सर, टाका की 1 जून," तर अण्णा म्हणायचे, "ह्या पोराबद्दल शाळा लिहिणार ते पहिलंच वाक्य खोटं कशाला लिहू मी?"

अण्णा 1987 साली नोकरीला लागले आणि 31 मे 2023 ला निवृत्त झाले. छत्तीस वर्षांतली एकोणतीस वर्षं त्यांनी पहिलीचा वर्ग घेतला. मी शिक्षिका नाही. एका टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघते. तरी हे पत्र मीच लिहितेय, कारण अण्णा लिहिणार नाहीत. आणि आजच लिहितेय, कारण दोन आठवड्यांत शाळा उघडतील. त्याआधी एखाद्या दुपारी तुम्ही शिक्षकांना घेऊन बसाल, चहा येईल आणि वर्गवाटप होईल. मला त्या वर्गवाटपाबद्दल बोलायचं आहे.

ते कसं होतं हे मी लहानपणापासून घरात ऐकत आले. चौथीचा आणि सातवीचा वर्ग आधी ठरायचा, कारण शिष्यवृत्तीची परीक्षा. निकाल लागला की फलकावर नावं लागतात, पेपरात फोटो येतो, पालक पेढे घेऊन येतात. त्या वर्गांना शाळेतले हुशार मानले गेलेले शिक्षक. मग पाचवी-सहावी, मग तिसरी, दुसरी. पहिली सगळ्यात शेवटी. ती कुणाला? कालच रुजू झालेल्याला, निवृत्तीला वर्ष राहिलेल्याला, तब्येतीच्या कुरबुरी असलेल्याला. नाहीतर ज्याच्याशी वाजलंय त्याला.

अण्णांना पहिली अशीच मिळाली. 1994 साली तेव्हाच्या मुख्याध्यापकांशी त्यांचा एका कारणावरून वाद झाला. कारण किरकोळ होतं, त्यात आता जात नाही. जूनमध्ये वर्गवाटपाच्या कागदावर त्यांच्या नावापुढे पहिली आली आणि स्टाफरूममध्ये सगळ्यांना त्याचा अर्थ कळला. एक सहकारी म्हणाले, "शेंबूड पुसायला डी.एड. केलंत होय?" दुसऱ्यांनी सहानुभूतीनं पाठीवर हात ठेवला. गडीमाणूस आणि पहिलीला, ही गोष्टच तेव्हा लोकांना चमत्कारिक वाटायची. "पहिलीला बाईच बऱ्या" हे वाक्य तर मी आजही ऐकते.

त्या रात्री अण्णा जेवले नाहीत, असं आई सांगते. पण वर्ष संपून पुढचा जून आला, मुख्याध्यापकांनी विचारलं, "आता कुठला वर्ग देऊ?" आणि अण्णा म्हणाले, "पहिलीच द्या." त्यानंतर दरवर्षी ते तेच मागत राहिले.

त्या एका वर्षात काय झालं हे त्यांनी कधी सविस्तर सांगितलं नाही. मला जे माहीत आहे ते मी वर्गात बसून पाहिलेलं आहे. कारण 1997 च्या जूनमध्ये मी स्वतः त्यांच्या वर्गात पहिलीला होते.

आमची शाळा पूर्व भागातली. चहूकडे यंत्रमाग आणि विड्यांची घरं. पहिल्या दिवशी एक मुलगी दाराची चौकट दोन्ही हातांनी धरून रडत होती. तिच्या आईला विडी कारखान्याच्या ब्रँचला वळलेल्या विड्या द्यायला जायचं होतं, उशीर झाला तर दिवस बुडायचा. तिनं मुलीचे हात एकेक बोट करून सोडवले आणि मागं न बघता गेली. अण्णांनी त्या मुलीला कडेवर घेतलं. तिला कडेवर घेऊनच हजेरी घेतली, फळ्यावर सूर्य काढला, गाणं म्हणवून घेतलं. तिचं नाक त्यांच्या खांद्यावर पुसलं जात होतं. एका हातानं खडू, दुसऱ्या हातानं पोर. दुपारच्या सुट्टीपर्यंत त्यांनी तिला खाली ठेवलं नाही.

मी दुसऱ्या रांगेत बसून हे पाहत होते आणि मलाही रडू फुटलं, कारण माझे वडील दुसऱ्याच मुलीला घेऊन उभे होते. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. घरी गेल्यावर मी रुसून बसले. अण्णा शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, "तुला मी घरी आल्यावरही असतो. तिला मी शाळा सुटली की संपतो." सहा वर्षांच्या मुलीला यातलं किती कळलं असेल कोण जाणे. पण ते वाक्य मी विसरले नाही. वर्षभर मी त्यांना सर म्हटलं, आणि हळूहळू त्याचा राग येईनासा झाला.

काही पोरं मात्र त्यांना चुकून अम्मा म्हणायची. "अम्मा, पाणी." सगळा वर्ग हसायचा. अण्णा हसायचे नाहीत, "ओ" द्यायचे.

त्यांच्या वर्गातल्या भाषांबद्दल थोडं सांगू द्या, कारण सोलापुरात पहिली घेणाऱ्याला हे टळत नाही. शाळा मराठी माध्यमाची. पण घरी निम्मी पोरं तेलुगू बोलणारी, काही कन्नड, काही उर्दू. उरलेल्यांची मराठी आपली सोलापुरी. "सर, ह्यो मला मारलालाय," असं रडत सांगणाऱ्या पोराला अण्णांनी कधी आधी शुद्ध बोलायला लावलं नाही. आधी कोण मारतंय ते बघायचे. 2025 च्या उन्हाळ्यात पहिलीपासून तिसरी भाषा असावी का, यावर राज्यभर वाद पेटला. एप्रिलमध्ये निर्णय निघाला, जूनमध्ये बदलला, 29 जूनला शासनानं दोन्ही निर्णय मागं घेतले. टीव्हीवर सगळे तावातावानं बोलत होते. अण्णा बघत होते आणि एकदाच म्हणाले, "आमच्या कितीतरी पोरांना मराठी हीच दुसरी भाषा हाय, तिचं कोण बोलतंय का?"

एक मुलगा होता. जूनमध्ये आला तो दिवाळीची सुट्टी जवळ आली तरी वर्गात एक शब्द बोलला नव्हता. घरी तेलुगू. मुका आहे का, अशी शंका शेजारच्या वर्गाच्या बाईंनी घेतली. अण्णा त्याच्या घरी गेले तर तो अंगणात आजीशी भांडत होता, चांगला मोठ्यानं. म्हणजे बोलता येत होतं, फक्त आमच्यात बोलायचं नव्हतं. अण्णांनी त्याला बोल म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी वर्गातल्या माठावर चार चिठ्ठ्या चिकटवल्या. पाणी, नीरु, पानी आणि तेलुगूतला शब्द त्यांना ऐकू आला तसा, "निलू". मग मुलांना एकेक चिठ्ठी वाचून दाखवली. चौथी वाचली आणि मागच्या कोपऱ्यातून खसकन हसू आलं. तो उभा राहिला होता. "निलू काय सर! नीळ्ळु! नीळ्ळु!" आणि त्यानं तो ळ इतका जोरात म्हटला की सगळा वर्ग त्याच्यामागून म्हणायला लागला. अण्णांनी ती चिठ्ठी काढली, फळ्याजवळ त्याला बोलावलं आणि विचारलं, "कसं लिहू ते सांग." शाळेत त्याचा पहिला शब्द हा सरांची चूक सुधारणारा होता. अण्णांनी मुद्दाम चूक केली होती का, हे मी खूपदा विचारलं. ते म्हणतात नाही, मला खरंच तसंच ऐकू आलं होतं. मला ते खरं वाटतं. तेलुगू त्यांना अजूनही धड येत नाही.

ती चिठ्ठी त्यांनी ठेवली आहे. घरी बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आहे, त्यात. त्या डब्याबद्दल पुढे सांगते.

वर्गातल्या तक्त्यावर ध धनुष्याचा असायचा. पूर्व भागातल्या पोरांनी धनुष्य पाहिलेलं नसतं. अण्णांनी आजोबांचा गिरणीतला जुना लाकडी धोटा, म्हणजे मागावर आडवा दोरा नेणारा, वर्गात नेला आणि ध धोट्याचा झाला. धोटा प्रत्येकाच्या ओळखीचा. त्याच्या टोकाचं लोखंड, आतली कांडी, दोरा कुठून निघतो, हे पोरंच त्यांना सांगायची. त्यानंतर घ आणि ध यांची गल्लत त्यांच्या वर्गात फारशी झाली नाही. च चादरीचा, ट टॉवेलचा. एक मुलगी उठून म्हणाली, "व विडीचा." तपासणीला आलेले एक साहेब तेव्हा वर्गात होते, त्यांच्या कपाळाला आठी पडली. अण्णांनी फळ्यावर व काढला आणि तिच्या हाताला धरून तो गिरवून घेतला. नंतर साहेबांना म्हणाले, "तिच्या घरी दिवसभर तेच दिसतं. तिनं अक्षर ओळखलं, माझं काम झालं. विडी सुटावी म्हणून तर ती शाळेत आलीय."

याच विड्यांतून त्यांना गणिताचं एक दार सापडलं. एका मुलीला दहाच्या पुढे मोजता यायचं नाही. अकरा, बारा, पंधरा, वीस, असं व्हायचं. अण्णा तिच्या घरी गेले तेव्हा आई सूप मांडीवर घेऊन पान कातरत होती आणि ही मुलगी शेजारी बसून विड्यांची बंडलं लावत होती. पाच-पाचच्या पाच ढिगल्या, पंचवीस, दोरा. न बोलता, न चुकता. शाळेत दहाला अडणारी मुलगी घरात पंचवीसचं माप बोटांनी ओळखत होती. अण्णांना त्या दृश्याचा त्रासही झाला. सहा वर्षांच्या हाताला तंबाखूचा वास असावा, हे त्यांना कधीच सहन झालं नाही, आणि त्या आईला त्यांनी ते स्पष्ट सांगितलं. पण दुसऱ्या दिवशी वर्गात त्यांनी चिंचोके आणले. पाच-पाचच्या ढिगल्या, पाच ढिगल्यांचं एक बंडल. ती मुलगी त्या दिवशी वर्गाची मास्तरीण होती. दहाच्या आधी पंचवीस शिकवणं पाठाच्या कुठल्या टाचणात बसत नव्हतं. टाचण त्यांनी नंतर लिहिलं.

आणखी एक पोरगा सतत ओरडून बोलायचा. कानाशी येऊन सुद्धा ओरडायचा. "सर, लघवी!" हे चौकापर्यंत ऐकू जाईल असं. बाकीच्या शिक्षकांनी त्याला आगाऊ ठरवलं होतं. अण्णा म्हणाले, "त्याच्या घरात चार माग चालतात. त्याला हळू बोललेलं कुणाला ऐकूच गेलं नाही आजवर." मग त्याच्यासाठी कुजबुजीचा खेळ काढला. एकानं दुसऱ्याच्या कानात सांगायचं, त्यानं तिसऱ्याच्या. वर्गातून चार महिने फक्त खुसफूस ऐकू येत होती.

हे सगळं सांगतेय ते अण्णा किती मोठे होते हे दाखवायला नव्हे. हे काम किती कौशल्याचं आहे, ते तुमच्यापुढे मांडायचंय. सातवीच्या मुलाला न समजलेलं विचारता येतं. सहा वर्षांच्या पोराला आपल्याला काय कळलं नाही तेच सांगता येत नाही. ते फक्त रडतं, नाहीतर ओरडतं, नाहीतर गप्प बसतं. त्या तिन्हींचा अर्थ लावणारा माणूस पहिलीला लागतो. तो एका वर्षात तयार होत नाही. अण्णा म्हणतात, पहिली चार वर्षं मी चुकाच केल्या.

शिकायला ते स्वतःच्या पैशानं फिरले. 1995 च्या दिवाळीच्या सुट्टीत ते कोसबाडला गेले, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, डहाणूजवळ. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी तिथं आदिवासी मुलांसाठी काम उभं केलं. पोरं शाळेपर्यंत येत नाहीत म्हणून शाळाच त्यांच्या अंगणात नेली, आणि अंगणवाडी हा शब्द आपल्याला त्यातून मिळाला. अण्णा तिथून आले ते एक पिशवी बिया, शिंपले आणि काटक्या घेऊन. आईला वाटलं होतं, डहाणूचे चिकू आणतील.

तिथून आल्यावर त्यांनी जून-जुलैत लिहायला लावणं बंद केलं. पोरं शेंगा सोलायची, माती मळायची, कागद फाडायची, मणी ओवायची. बोटांत जोर आल्याशिवाय पेन्सिल नाही. पालक तक्रार घेऊन यायचे, "शेजारचं पोर इंग्रजी शाळेत एबीसीडी लिहायला लागलं, आमचं अजून शेंगाच सोलतंय." अण्णा त्या पालकाला पोराचा हात धरायला लावायचे. "ह्याची मूठ दाबून बघा. आता तुमची. ह्या बोटांनी दोन ओळी लिहिल्या की दुखतं त्याला, म्हणून ते वही टाळतं. मग तुम्ही म्हणता, अभ्यासाचा कंटाळा करतंय." ऑगस्टमध्ये अक्षरं सुरू व्हायची, ती पोराच्या स्वतःच्या नावापासून. नाताळपर्यंत बरीचशी पोरं वाचायला लागलेली असायची. सगळी नाही. काही दुसरीत वाचली, काहींचं शेवटपर्यंत जमलं नाही, आणि ती नावं अण्णांना आजही पाठ आहेत.

पोरानं चड्डीत केली की अण्णा काही बोलायचे नाहीत. "चला, लिंबाखाली सुगरणीचं घरटं बघू," म्हणून वर्ग बाहेर काढायचे. तेवढ्यात शिपाई मावशी फरशी पुसायच्या आणि कपाटातली चड्डी पोराला घालायच्या. थोड्या वेळानं ते पोर मागून येऊन घोळक्यात मिसळायचं. त्या चड्ड्या माझी आई शिवायची, तीन मापांच्या. घरी धुवायला यायच्या. आईनं एकोणतीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरांच्या चड्ड्या धुतल्या, हेही कुठेतरी लिहिलं जावं म्हणून इथं लिहिते.

2020 च्या जूनमध्ये शाळा उघडलीच नाही. वर ऑनलाइन शिकवा असे आदेश येत होते आणि अण्णांच्या पटावरच्या बहुतेक घरांत एकच साधा फोन, तोही बापाच्या खिशात. पहिलीचं पोर फोनवर काय शिकणार, ते तर अजून सरांना भेटलंही नव्हतं. अण्णांचं वय पंचावन्न, साखरेचा त्रास. आम्ही सगळे नको म्हणत होतो. नियम थोडे सैल झाल्यावर ते मास्क लावून, खिशात खडू घेऊन घरकुलांच्या गल्ल्यांतून फिरायला लागले. प्रत्येक दारापुढच्या फरशीवर एक अक्षर आणि एक चित्र काढायचे, पोर दारात, हे रस्त्यावर. दुसऱ्या दिवशी पुढचं अक्षर. पाऊस आला की सगळं पुसलं जायचं, मग पुन्हा. त्या डिसेंबरात आपल्याच जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेचे रणजितसिंह डिसले सर जगातले सर्वोत्तम शिक्षक ठरले, तेव्हा अण्णांनी गल्लीतल्या पोरांना साखर वाटली. "आपल्या सोलापूरचा मास्तर," एवढंच म्हणत होते.

आता माझं मागणं.

अण्णांना कधी आदर्श शिक्षक पुरस्कार मिळाला नाही आणि मी तो मागत नाही. मी एवढंच मागते की या जूनमध्ये वर्गवाटपाचा कागद घ्याल तेव्हा पहिल्या ओळीत पहिली लिहा. सगळ्यात आधी विचारा की पहिली कुणाला हवी आहे. कुणीतरी हात वर करेल. कदाचित असा कुणी, ज्याच्याकडून तुम्ही तशी अपेक्षा केली नव्हती. त्याला ती द्या, आणि दोन-तीन वर्षं त्याच्याकडे राहू द्या.

ज्याच्यावर राग आहे त्याला पहिली देऊ नका. अण्णांच्या बाबतीत त्यातून चांगलं निघालं. पण रागानं दिलेला वर्ग रागानंच चालवला गेला, अशीही उदाहरणं माझ्या लहानपणी मी पाहिली आहेत. त्यात शिक्षक फारसा भरडला गेला नाही, पोरं भरडली गेली.

नव्या शिक्षकांबद्दलही सांगते. शिक्षणसेवक म्हणून लागलेली मुलं-मुली परीक्षांवर परीक्षा देऊन, वर्षानुवर्षं भरतीची वाट बघून येतात. 2023 पासून त्यांचं मानधन 6,000 वरून 16,000 झालं, तरी परगावी भाडं भरून त्यात भागवावं लागतं. त्यांना उत्साह असतो, मी नाकारत नाही. पण पहिल्याच वर्षी एकट्यानं पहिली सोपवण्याआधी त्यांना महिनाभर तरी जाणत्या शिक्षकाशेजारी बसू द्या. नुसतं बघू द्या. रडणाऱ्या पोराला उचलायचं कसं, हेसुद्धा बघून शिकावं लागतं.

शाळाबाह्य कामांचं मला कळतं, ते तुमच्या हातात नसतं. अण्णांनी 2011 ची जनगणना केली, मतदार याद्या केल्या, निवडणुकीच्या पेट्या वाहिल्या. 2027 च्या जनगणनेचा मोठा भारही शिक्षकांवरच पडेल. यादी वर पाठवताना जेवढं तुमच्या हातात असेल तेवढं बघा, पहिलीच्या शिक्षकाचं नाव शेवटी घाला. मोठ्या वर्गाला आठ दिवस दुसरे सर चालतात. पहिलीच्या पोराला वाटतं की आपले सर गेले. 2011 च्या मार्चमध्ये अण्णा जनगणनेच्या कामावरून परत वर्गात गेले तेव्हा एका पोरीनं त्यांना ओळख दाखवली नाही. दोन दिवस ती त्यांच्याशी बोलली नाही. अण्णांनी तिची माफी मागितली, ती मी त्यांच्याच तोंडून ऐकली.

आणि पट. शिक्षण हक्क कायदा प्राथमिकला तीस मुलांमागे एक शिक्षक सांगतो. शाळेचं सरासरी गणित जुळवताना वरच्या वर्गात अठरा आणि पहिलीत पंचेचाळीस असं होऊ देऊ नका. 2020 च्या शैक्षणिक धोरणानं तीन ते आठ वर्षांच्या वयाला पायाभूत स्तर म्हटलं, 2021 मध्ये निपुण भारत ही केंद्र सरकारची मोहीम आली, तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला वाचता आणि हिशेब करता यावा असं उद्दिष्ट ठरलं. अण्णांनी ते परिपत्रक चष्मा लावून दोनदा वाचलं आणि म्हणाले, "बरं झालं, कागदावर तरी आलं." आता ते तुमच्या वर्गवाटपाच्या कागदावर यावं.

डब्याचं सांगायचं राहिलं. अण्णा निवृत्त झाले तेव्हा कपाट रिकामं करून हा डबा घरी आणला. त्यात चिंचोके आहेत, गजगे आहेत, वेगवेगळ्या आकाराची बटणं, आजोबांचा धोटा, माठावरच्या चिठ्ठ्या, आणि "नीळ्ळु" असं पोराच्या सांगण्यावरून लिहिलेली ती एक. तीन मापांच्या चड्ड्या आईनं वेगळ्या पिशवीत ठेवल्यात, नव्या शिवून. शिवाय एक वही आहे. तिच्यात एकोणतीस वर्षांत कुठलं पोर कशानं गप्प झालं आणि कशानं बोललं, एवढंच लिहिलंय. अक्षर बारीक आहे, पण लागतं.

गेली तीन वर्षं दर जूनला अण्णा तो डबा माळ्यावरून काढतात, पुसतात, चिंचोके मोजतात आणि परत ठेवतात. धोटा सोडून सगळं द्यायची त्यांची तयारी आहे. धोटाही ते देतील, मी विचारलंय, फक्त आधी थोडा वेळ हातात धरून बसतील.

या जूनमध्ये तुमच्या शाळेत ज्याला पहिली मिळेल, त्याला किंवा तिला आमच्याकडे पाठवा. संध्याकाळी पाचनंतर अण्णा घरीच असतात. चहा आई करेल.

आपली,
पहिलीच्या सरांची मुलगी
सोलापूर, 1 जून